रामायण पाहा, पण प्रश्न विचारा

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. पनवेलसारख्या गावात ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्याकडे अख्खी आळी दाटीवाटीने बसे. आपल्या वस्त्याही त्याला अपवाद नव्हत्या.

त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला. संपादक होते वसंत मून आणि ग्रंथ होता ‘रिडल्स इन हिंदुइझम’. त्याच्या परिशिष्टात राम-कृष्णाविषयीचे प्रकरण होते. वालीला आडून बाण का मारला? अग्निदिव्य केलेल्या सीतेला, ती गरोदर असताना, लोकापवादासाठी वनात का सोडले? शूद्र असून तप करतो म्हणून शंबूकाचे मस्तक का उडवले?

वाचकहो, यातला एकही प्रसंग बाबासाहेबांनी पदरचा घातलेला नाही. वालीवध वाल्मीकींच्या किष्किंधाकांडात आहे, सीतात्याग आणि शंबूकवध उत्तरकांडात. पोथीत जे लिहिले आहे त्याचा त्यांनी जाब विचारला, एवढेच.

तरीही गदारोळ झाला. परिशिष्ट गाळा, अशी मागणी शिवसेनेने लावून धरली. जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीत ग्रंथाची होळी झाली. तेव्हा ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत आपल्या समाजाचा लाखोंचा मोर्चा निघाला. गटातटांत विखुरलेले लोक त्या दिवशी एकत्र चालले. अखेर परिशिष्ट राहिले. या मतांशी शासन सहमत नाही, अशी टीप तेवढी जोडली गेली.

मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीत, तीच मालिका पुन्हा लागली. आता नातवंडे विचारतात, “आजी, शंबूकाचा गुन्हा काय?” मायभगिनींनो, अशा वेळी मुलाला गप्प बसवू नका. शेजाऱ्याच्या देवाला शिव्याही शिकवू नका. शिवीने कुणाचे ज्ञान वाढत नाही.

राम-कृष्णाला देव मानणार नाही, ही बावीस प्रतिज्ञांतली दुसरी प्रतिज्ञा. तिने पूजा सुटली, वाचन नव्हे. बाबासाहेबांनी पोथ्या वाचल्या, म्हणूनच त्यांना प्रश्न विचारता आले. पाली दशरथ जातकही मुलांना सांगा. त्यात रावण नाही, सीताहरण नाही. तिथला रामपंडित पित्याच्या मृत्यूची वार्ता ऐकून रडत नाही, भावंडांना अनित्यता समजावतो. कथा माणसेच रचतात आणि माणसेच बदलतात, हे पोरांना त्यातून आपोआप उमजेल.