खुर्ची आपली, कुर्ची शेजाऱ्याची

आमच्या सीमाभागातील मराठी शाळांत वह्या तपासताना एक शब्द हमखास भेटतो, 'कुर्ची'. पूर्वी आम्ही त्याखाली लाल रेघ ओढून 'तेलुगूची छाया' असा शेरा मारीत असू. एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग खरा शब्द कुणाचा?" उत्तर शोधताना आमचीच शिकवणी झाली.

शब्द मुळात ना आपला, ना त्यांचा. तो अरबी 'कुर्सी'. कुराणातील 'आयतुल कुर्सी'मधली कुर्सी तीच. फारसी-उर्दूच्या वाटेने ती दख्खनेत आली. मराठीने तिची 'खुर्ची' केली, गुजरातीने 'खुरशी', तेलुगू आणि कन्नडने 'कुर्ची'. तमिळांनी मात्र चार पायांवरून 'नार्काली' असा घरचा शब्द घडविला.

अर्थही सगळीकडे सारखाच फुगला. खुर्ची म्हणजे बसायची वस्तू, तशीच सत्ताही. 'खुर्ची सुटत नाही', 'मान माणसाला नाही, खुर्चीला' असे आपण म्हणतो. तेलुगूतही कुर्चीसाठीच भांडणे होतात!

आपला आदिलाबाद १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट, राजुरा तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आम्ही अलीकडे राहिलो. त्याच वर्षी घटनेत ३५० अ कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असे ते सांगते.

म्हणून 'कुर्ची' लिहिणाऱ्या मुलाची आम्हाला भीती वाटत नाही. तो मराठी विसरलेला नाही, शेजाऱ्याचीही भाषा शिकतो आहे. भीती वाटते ती मराठी शाळेतल्या रिकाम्या खुर्चीची. गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आले नाही, की आधी खुर्ची रिकामी होते, मग बाके.

लाल रेघ आम्ही आजही ओढतो. मराठीच्या वहीत 'खुर्ची'च हवी. मात्र शेजारी लिहितो, 'तेलुगूत कुर्ची, मराठीत खुर्ची. दोन्ही नीट लिही.' पालकांना विनंती एवढीच, की जूनमध्ये मुलांची नावे मराठी शाळेत घाला, आणि गुरुजींची जागा रिकामी असेल तर गावाच्या सह्यांचा अर्ज द्या. भाषेलाही बसायला जागा लागते.