वाटेंत गेलेल्या तासांचें मोल

सुटीच्या दिवशीं सहकुटुंब वनविहारास जाऊन आल्यावर आपण खर्च मांडतों तो गाडीभाड्याचा आणि फराळाचा. जाण्यायेण्यांत गेलेले सहा तास त्या टिपणांत कोठेंच नसतात. घरच्या हिशेबांत हें चालून जातें; पण एखादें खोरें धरणाच्या पाण्याखालीं घालावें कीं लोकांच्या विहारासाठीं राखावें, असा प्रश्न सरकारपुढें येतो तेव्हां ही वगळलेली बाब भोंवते.

धरणाच्या विजेला बाजारभाव आहे. अरण्यांत घालविलेल्या दिवसाला नाहीं. मग त्याची किंमत काढावी कशी? अमेरिकेंतील राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याला १९४७ सालीं अर्थशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनीं पत्रानें एक युक्ति सुचविली. उद्यानाभोंवतीं वर्तुळें कल्पावीं; प्रत्येक पट्ट्यांतून दर हजार वस्तीमागें किती लोक येतात व त्यांस येण्यास काय खर्च पडतो तें पाहावें. जवळचे पुष्कळ येतात, दूरचे थोडे. प्रवासखर्च हेंच जणूं प्रवेशमूल्य. तें वाढतां मागणी कशी घटते हें त्यावरून कळतें. मॅरियन क्लॉसन यांनीं १९५९ सालीं ही रीत योसेमिटीसारख्या उद्यानांच्या आंकड्यांवर चालवून दाखविली.

अडचण येथेंच आहे. दूरचा मनुष्य येत नाहीं तो केवळ भाडें अधिक पडतें म्हणून नव्हे. त्याचा दिवसहि वाटेंतच सरतो. सारी घट भाड्याच्याच माथीं मारली, तर भाडें थोडें वाढतांच लोक पाठ फिरवितात असें दिसतें आणि उद्यानाची किंमत खऱ्याहून कमी भरते.

मग तासाला दर कोणता? पुरें वेतन धरावें, तर रविवारीं कारकुनाची कचेरी कोठें उघडी असते? पेन्शनरास तर वेतनाचा तासच उरलेला नाहीं. शिवाय घाटांतला प्रवास कित्येकांना मुक्कामाइतकाच गोड वाटतो! फ्रँक सेसारियो यांनीं १९७६ सालीं, लोक कामावर जातांना वेळ आणि पैसा यांत कशी निवड करतात या अभ्यासांच्या आधारें, वेतनाचा सुमारें एकतृतीयांश दर सुचविला. पुढें तो पुष्कळांनीं उचलला. मला तो सोयीचा वाटतो; सिद्ध झालेला नव्हे. मॅककॉनेल व स्ट्रँड यांनीं १९८१ सालीं हा अपूर्णांक बाहेरून न आणतां हौसेनें मासे धरावयास जाणाऱ्यांच्याच आंकड्यांतून काढला, तेव्हां तो एकतृतीयांशाहून बराच मोठा निघाला.

आणि दर वेतनाच्या प्रमाणांत धरला, कीं वकिलाचा तास महाग व मोलकरणीचा स्वस्त होतो. श्रीमंत वस्तीजवळचें उद्यान राखण्याजोगें ठरतें, गिरणगांवाजवळचें ठरत नाहीं. म्हणून असा अहवाल हातीं आला म्हणजे मी प्रथम एवढेंच पाहतों, कीं तासाला दर कोणता धरला आहे आणि तो बदलला असतां धरण कीं खोरें हा निकाल फिरतो कीं काय.