जुन्या इंजिनातील काजळी : कारणे व सफाई

करवीर तालुक्यातील उचगाव हे कोल्हापूर शहराला लागून असलेले गाव. या परिसरात उसाला पाणी देण्याचे काम आता मुख्यत्वे विजेचे पंप करतात. तथापि वीज खंडित झाल्यावर उभे पीक वाळू नये म्हणून डिझेल इंजिन आजही उपयोगी पडते. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातही ऑईल इंजिने बनू लागली. त्यामुळे वापरलेले इंजिन व ते दुरुस्त करणारा कारागीर, दोन्ही येथे मिळण्याजोगे आहेत. असे इंजिन घेतल्यावर प्रथम त्यातील काजळीकडे लक्ष द्यावे.

काजळीने होणारी हानी

डिझेल व वंगणतेल पुरते न जळल्यास त्याचा कठीण थर पिस्टनच्या माथ्यावर, रिंगांच्या खाचांत व झडपांवर बसतो. खाचेत अडकलेली रिंग सिलिंडरला नीट टेकत नाही. मग दाबाखालील वायू खाली तेलाच्या टाकीत उतरतो व तेल वर चढून जळते. त्यातून आणखी काजळी होते. इंजिन सुरू होण्यास कष्ट पडणे, जोर कमी होणे व तेल लवकर संपणे ही याची लक्षणे होत. काळा धूर हवेची कमतरता, सदोष नोझल किंवा जादा भार दर्शवितो. निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचे दर्शवितो.

सफाईची रीत

इंजिन थंड झाल्यावर पाणी काढून टाकावे व हेड उतरावे. बोल्ट, नट व झडपांचे दांडे क्रमाने ठेवावेत. फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन वरच्या टोकाला आणावा. पिस्टन व सिलिंडर यांमधील फटीत ग्रीस भरावे, म्हणजे निघालेली काजळी त्यात अडकेल. तेलापाण्याची छिद्रे स्वच्छ फडक्याने बुजवावीत. थर डिझेलने भिजवून मऊ करावा व लाकडाच्या किंवा बांबूच्या पट्टीने खरवडावा. छिन्नी किंवा पेचकस वापरल्यास ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर ओरखडे पडतात. एमरी कागदाचे कण मागे राहून सिलिंडर झिजवितात. म्हणून तोही वापरू नये. शेवटी पिस्टन किंचित खाली घेऊन सिलिंडरला लागलेले ग्रीस काजळीसह पुसून घ्यावे. काम चालू असता जवळ विडी किंवा जाळ नसावा.

धूर निळसर असल्यास पिस्टन बाहेर काढणे आवश्यक आहे. तत्पूर्वी सिलिंडरच्या वरच्या कडेची काजळी काढावी. त्यानंतरही नखाला धातूचा कंगोरा लागत असेल, तर सिलिंडर झिजला आहे असे समजून त्याचे माप कारखान्यात घ्यावे. तशा सिलिंडरात नव्या रिंगा घातल्यास कंगोऱ्यावर आदळून त्या तुटण्याचा धोका असतो. रिंगांच्या खाचा जुन्या रिंगेच्या तुकड्याने हलकेच साफ कराव्यात. धातू खरवडला जाऊ नये. खाचेतील तेल परतण्याची छिद्रेही मोकळी करावीत. ॲल्युमिनियमचा पिस्टन कॉस्टिक सोड्यात कदापि टाकू नये. सोडा तो धातू खातो.

जोडणी करताना रिंगांची तोंडे एका रेषेत ठेवू नयेत. हेडला नवे गॅस्केट घालावे. नट मध्यापासून बाहेर, समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. झडपांचे अंतर निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे व वंगणतेल बदलावे. फ्लायव्हील हाताने काही फेरे फिरवून कोठे अडत नाही याची खात्री झाल्यावरच इंजिन सुरू करावे.

काजळी पुन्हा धरू नये म्हणून

मूळ कारण राहिल्यास सफाईचा खर्च वाया जातो. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात पंपाचे थंड पाणी भरपूर सोडणे हे असेच एक कारण आहे. अशाने सिलिंडर प्रमाणाबाहेर थंड राहतो, डिझेल नीट जळत नाही आणि काजळी वाढते. बाहेर पडणारे पाणी साधारणतः ६० ते ७० अंश सेल्सिअस राहील इतकाच प्रवाह तोटीने ठेवावा. मोठ्या इंजिनावर लहान पंप चालविल्यासही हाच दोष उद्भवतो. हवेची गाळणी वेळेवर साफ करावी आणि ठिबकणारे नोझल कारागिराकडून तपासून घ्यावे.

सफाईची तारीख, इंजिन चाललेले तास आणि घातलेले वंगणतेल यांची वहीत नोंद ठेवावी. तेलाचा खप वाढू लागल्याचे वहीत दिसताच तपासणी केल्यास ऐन पाण्याच्या पाळीत इंजिन बंद पडण्याचा प्रसंग सहसा टळतो.