भिंत पाडण्याआधी

स्वयंपाकघर आणि दिवाणखान्यामधली भिंत काढली की उजेड-वारा खेळतो, घर ऐसपैस वाटतं. पण ती भिंत भार पेलते का? आरसीसी इमारतीत वजन स्लॅबवरून तुळयांवर, तिथून खांबांमार्गे पायात उतरतं. साडेचार इंची विटांची भिंत बहुधा नुसता आडोसा असते. जुन्या, खांब नसलेल्या बांधकामात मात्र भिंतीच भार वाहतात. केवळ जाडीवरून अंदाज बांधू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या, सोसायटी-पालिकेच्या परवानगीची चौकशी करा.

दुसरा प्रश्न फोडणीचा. तेलाचे सूक्ष्म कण हवेत तरंगत पडद्यांवर, सोफ्यावर बसतात. म्हणून धूर बाहेर टाकणारी चिमणी हवी. डक्ट नसलेली चिमणी वास कमी करते. वाफ आणि उष्णता मात्र घरातच राहते.