नाकुरू सरोवर आणि रोहित पक्षी

केनियातील नाकुरू राष्ट्रीय उद्यानात गवताळ माळ व बाभूळवने यांच्या मध्यभागी नाकुरू सरोवर पसरलेले आहे. गेंडे व रानम्हशी तेथे दिसतात. परंतु उद्यानाची ख्याती झाली ती लहान रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, या पक्ष्याच्या थव्यांमुळे. खचदरीतील या सरोवरास बहिर्वाह नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात आणि अशा पाण्यात वाढणारे नीलहरित शैवल हेच या पक्ष्याचे प्रमुख अन्न होय. २०१० नंतर पाण्याची पातळी चढत गेली. क्षारता घटली, शैवल विरळ झाले व पुष्कळ थवे बोगोरियासारख्या अन्य सरोवरांकडे वळले. म्हणजे उद्यानाची सीमा कायम राहूनही पक्षी निघून जाऊ शकतात. त्यांचा अधिवास एक सरोवर नसून सरोवरांची मालिका आहे. नाकुरू, बोगोरिया व एलमेंटाइटा यांना २०११ साली एकत्रितपणे जागतिक वारसास्थानाचा दर्जा मिळाला, तो या दृष्टीने योग्यच म्हटला पाहिजे. तथापि पूर्व आफ्रिकेतील या पक्ष्यांची वीण मुख्यतः टांझानियातील नेट्रॉन सरोवरावर होते आणि ते या नोंदीबाहेर आहे. तेथील वीण खंडित झाल्यास नाकुरूचे कुंपण कितीही भक्कम असले, तरी ते थव्यांचे रक्षण करू शकणार नाही.