कोटा संपला, गुरुवारपर्यंत थांबा

राज्योत्सवाच्या आठवड्यात रायपूरभर दिव्यांच्या माळा होत्या. छत्तीसगढला २५ वर्षं झाली, २०२५ च्या १ नोव्हेंबरला पंतप्रधान नवा रायपूरमध्ये नव्या विधानसभेचं उद्घाटन करून गेले, आणि आमच्या समता कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात पोरं हातावर हात धरून बसली होती. कोड लिहून देणाऱ्या एआय सहाय्यकाचा आठवड्याचा कोटा संपला होता. आता थेट गुरुवारी. १५ तारखेपासून धानखरेदी सुरू व्हायची, राइस मिलवाले सॉफ्टवेअरसाठी तगादा लावून बसलेले, आणि यंत्र सांगतंय, थांबा. कोणत्या कंपनीचं, ते जाऊ द्या. सगळ्या एकाच माळेचे मणी आहेत.

राज्याच्या पंचविशीवर भाषणं पुष्कळ झाली. मी आपला कोट्याचा मागोवा घेतो. या शहरात माझा धंदा त्याच्यावरच चालत आलाय.

पहिल्या पाच वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सायबर कॅफे, प्लायवुडचे खोके, तासाचे पैसे. पुढे.

खरी गंमत २००५ च्या जानेवारीत सुरू झाली. बीएसएनएलचं डेटावन आलं, २५६ केबीपीएस. महिन्याला ठरावीक डाउनलोड, पण काही प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ मोजणी बंद. त्या सहा तासांवर आमच्या पिढीने संसार केला. २५६ च्या वेगाने सहा तासांत जेमतेम ६९० एमबी उतरतं, आणि उबुंटूची सीडी ७०० च्या आसपास. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी शेपूट राहायचंच. पावणेदोनला गजर, डाउनलोड मॅनेजरमध्ये यादी, मोडेमचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला की झोप. मधेच लाइट गेली तर बोंबला. तात्यापाऱ्यातल्या घरी आई सकाळी विचारायची, ‘रात्री किती आलं?’ दूधवाल्याबद्दल विचारावं तसं.

दिवसभर मग काय हवंय, याची यादी डायरीच्या मागच्या पानावर. कोणती लायब्ररी, कोणतं मॅन्युअल, कशाशिवाय भागेल. मॅन्युअल घरात असायचं म्हणून वाचलं जायचं. अडलं तर रात्र होईपर्यंत डोकं चालवावं लागे, आणि निम्म्या वेळी दोन वाजायच्या आत उत्तर सापडलेलं असे. पोर्टल उघडलं की ओळीने दिसायचं: किती वाजता जोडलं, किती वाजता तुटलं, किती एमबी. खर्चाचं पान समोर होतं, त्यामुळे भांडायचं तरी कशाबद्दल, ते कळत होतं.

२००७ मध्ये वेग २ एमबीपीएस झाला, आणि मग जाहिरातींत ‘अनलिमिटेड’ आलं. त्याच्या डोक्यावरची चांदणी वाचायला भिंग लागे. ठरावीक जीबीनंतर वेग गोगलगायीचा, पण तो आकडा विकणारा आपणहून सांगेल तर शपथ. अखेर २०१२ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायला कंपन्यांना बजावावं लागलं की मर्यादा किती आणि त्यानंतरचा वेग किती, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. त्या काळात पुण्याचा आमचा एक आतेभाऊ, लीज लाइनवाल्या कंपनीत होता, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला आला की म्हणायचा, ‘रायपूरला बसून कोण सॉफ्टवेअर करतं रे?’ परवा त्याचाच फोन होता. ‘तुमचीही लिमिट संपली का? दुसरं अकाउंट घेतलंस का?’ म्हटलं, हो दादा, आपण सगळे आता रायपूरचेच.

२०१६ मध्ये जिओ आलं, फुकट, आणि २०१७ च्या जानेवारीपासून रोजचा १ जीबी. रात्री बाराला आकडा नव्याने सुरू. त्यानंतर बरीच वर्षं मर्यादा हा विषयच निघाला नाही. २०२२ च्या जूनमध्ये कोड सुचवणारं गिटहब कोपायलट महिना १० डॉलरला सर्वांना खुलं झालं, तेव्हा किती ओळी सुचवल्या याची मोजदाद आमच्यापैकी कुणी केली नाही.

मग २०२५ उजाडलं. जूनमध्ये कर्सर या कोडिंग साधनाने ५०० वेगवान विनंत्यांचा सरळ हिशेब मोडून डॉलरमधल्या वापरावर नेला, गदारोळ झाला, ४ जुलैला माफी मागून पैसे परत द्यायचं कबूल केलं. त्याच जूनमध्ये कोपायलटच्या साध्या सशुल्क प्लॅनला महिन्याच्या ३०० ‘प्रीमियम’ विनंत्यांची वेस आली. २८ ऑगस्टपासून क्लॉड कोडला पाच तासांच्या मर्यादेवर आठवड्याची मर्यादा बसली. कारणं खोटी नाहीत. ही साधनं आता एक ओळ सुचवून गप्प बसत नाहीत; फाइली उघडतात, टेस्ट चालवतात, चुकतात, पुन्हा करतात, आणि प्रत्येक पावलाला मागचं सगळं संभाषण पुन्हा वाचतात. काही महाभाग तर ती रात्रंदिवस चालवत होते. चिप महाग, वीज महाग. कोटा असावा, हे मला मान्य आहे.

मान्य नाही ते आंधळेपण. आमच्या पडद्यावर टक्केवारीची पट्टी आहे, पण शंभर टक्के म्हणजे किती, ते कुठेच नाही. सोमवारी जे काम पाच टक्क्यांत झालं, ते बुधवारी बारा खातं. म्हणून पोरांनी तोडगे काढलेत. प्रत्येक कामाला नवी चॅट. आधी कागदावर आराखडा, मोठं मॉडेल फक्त अवघड गाठीला, बाकी हमाली स्वस्तातल्याकडून. एकजण सकाळी सहाला घरूनच नुसतं ‘हाय’ पाठवतो. पाच तासांचं घड्याळ पहिल्या निरोपापासून सुरू होतं, म्हणजे ऐन कामाच्या भरात, अकराला, नवा कोटा हातात. मी कोडमधल्या टिपा मराठीत लिहायचो, तेही बंद करवलं. देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन, म्हणजे मोजणीचे तुकडे, लागतात म्हणे.

आणि ज्या शेतकऱ्यांच्या धानाचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो, त्यांचं बघा. सरकारी खरेदी एकरी २१ क्विंटलपर्यंत, भाव क्विंटलला ३१०० रुपये. गावातल्या पोरालाही पाठ. ‘टोकन तुंहर हाथ’ ॲपवर तारीख घ्यायची, किती क्विंटल आणायचं ते आधीच ठरलेलं. सोसायट्यांतली ही खरेदी २००७ च्या सुमारास इथल्याच एनआयसीने, म्हणजे सरकारी संगणक संस्थेने, संगणकावर आणली. रेशनचा ट्रक गोदामातून सुटला की नाव नोंदवलेल्याला एसएमएस जाईल, अशी सोयही तेव्हाच केली. त्यातही गोंधळ होतात, सर्व्हर बसतो, रांगा लागतात. पण माझा हक्काचा वाटा किती, हे कळायला कुणाला अंदाज करावे लागत नाहीत.

त्यातच ४ नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो वर्षभर फुकट मिळायला लागलं. पोरं खूश. मी जिओ पाहिलंय, वर्ष कधी संपतं याची नोंद करून ठेवलीय. नवा रायपूरमध्ये मे महिन्यात एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली तेव्हाही पोरांना वाटलं होतं, मशिनं इथे आली की आपला कोटा वाढेल. सध्या मी दुसऱ्या कंपनीचीही वर्गणी सुरू केलीय, डॉलरमध्ये, वर १८ टक्के जीएसटी. मिलवाल्या शेठच्या बिलात ही ओळ कोणत्या नावाने टाकायची, ते अजून ठरलेलं नाही. तो एकच विचारेल: ‘भाऊसाहब, ये कितना खाता है?’ आणि मला ते सांगता येणार नाही.