पग : आखूड नाकाचा सोबती

श्रोते हो, पग हा कुत्रा मूळचा चीनचा. तिथल्या राजवाड्यांत लाडाने वाढलेला. सोळाव्या शतकात तो हॉलंडला पोहोचला आणि पुढे युरोपभर पसरला. आपल्याकडे २००३ साली मोबाईल फोनच्या एका जाहिरातीत तो दिसला, नि शहरांतून त्याला मागणी वाढली.

वजन सहा ते आठ किलो, स्वभाव लाघवी. राखणीचा नव्हे, सोबतीचा कुत्रा. पण त्याचे जे चपटे नाक आपल्याला गोड वाटते, तेच त्याचे दुखणे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; धापा टाकूनच तो अंग निववतो. पगची तर श्वासाची वाटच अरुंद. म्हणून गावठी कुत्रा जे ऊन सोसतो, ते याच्या जिवावर बेतते, बरं का!

तेव्हा त्याला भल्या सकाळी नि दिवेलागणीनंतर फिरवावे. पाणी सदैव जवळ ठेवावे. गळपट्ट्याऐवजी छातीला पट्टा बांधावा. तोंडावरच्या सुरकुत्या पुसून कोरड्या ठेवाव्यात. तो खादाड असतो. लठ्ठ झाला की दम अधिकच लागतो. धाप थांबेना, जीभ निळसर दिसू लागली, तर अंग पाण्याने भिजवावे, वारा घालावा आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावे.